निकामी आणि निरोगी

मांस घ्यायला गेल्यावर आपण दुकानदाराला साधारणपणे दोन गोष्टी विचारतो. माल ताजा आहे का आणि जबह कोणाच्या हातचा आहे. मांसावर महापालिकेच्या तपासणीचा शिक्का आहे की नाही, ही तिसरी गोष्ट फार थोडे लोक विचारतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना दुकानदार अल्लाहची शपथही घेतो. तिसऱ्या प्रश्नावर मात्र तो आपल्याकडे जरा संशयाने पाहतो, कारण हा प्रश्न विचारणारा बहुधा सरकारी माणूस असतो अशी त्याची समजूत आहे. शिक्का ही बाहेरून लादलेली, सरकारची, कदाचित आपल्या धंद्याच्या मुळावर आलेली गोष्ट आहे, ही भावना खाटीक जमातीत जुनी आहे आणि ती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. पण मांसाची तपासणी ही कल्पना मात्र बाहेरची नाही. तिचा इतिहास पाहिला तर तो जितका बर्लिन-ग्लासगोचा आहे तितकाच दमास्कस-काहिराचा आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान तर हिंदुस्थानात लिहिले गेले आहे.

सूरह माइदामध्ये खाण्यास मनाई असलेल्या गोष्टींची जी यादी आहे, ती आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ असते. मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस, अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावावर कापलेले, मग गळा आवळून मेलेले, मार बसून मेलेले, उंचावरून पडून मेलेले, शिंग लागून मेलेले, हिंस्र श्वापदाने खाल्लेले. धार्मिक अर्थ क्षणभर बाजूला ठेवून ही यादी एखाद्या पशुवैद्यकाला वाचून दाखवा. जनावर कशाने मेले, जबह होण्याआधी ते जिवंत होते काय आणि त्याच्या अंगातले रक्त बाहेर पडले काय, हे तीन प्रश्न त्याला त्या यादीत लगेच दिसतील. त्याच्या शास्त्रातही हेच तीन प्रश्न पहिल्या पानावर आहेत. कुर्बानीच्या जनावराबद्दलची हदीसही अशीच. उघड काणे, उघड आजारी, उघड लंगडे आणि हाडांत मगज उरला नाही इतके हडकलेले, ही चार जनावरे कुर्बानीला चालत नाहीत. हडकलेले आणि नुसते बारीक यांत फरक आहे, आणि तो हाडांच्या मगजावरून ओळखायचा. आजच्या तपासणीतही नेमका हाच फरक केला जातो. नुसते बारीक जनावर पास होते. रोगाने खंगून ज्याच्या मगजाची आणि हृदयाभोवतालच्या चरबीची पाणचट लापशी झाली आहे, ते पूर्ण बाद होते.

यहुदी शरीयतीत तर जबहनंतर फुफ्फुसे तपासण्याचे शास्त्रच आहे. फुफ्फुस बरगडीला चिकटले आहे काय, चिकटल्याच्या जागी भोक पडले आहे काय, हे हाताने चाचपून पाहायचे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, त्यांच्यातही जबह करणारा माणूस वेगळा आणि शिकलेला असे.

धर्माचा नियम एक आणि बाजाराचा नियम दुसरा. बाजाराच्या नियमाची जबाबदारी इस्लामी शहरांत मुहतसिब नावाच्या अधिकाऱ्यावर होती. वजने-मापे, दुधातले पाणी, पावातली भेसळ, हकिमांची लबाडी हे सारे तो पाहत असे. या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके आज उपलब्ध आहेत. त्यांतले एक बाराव्या शतकातल्या शाममधल्या अश्शैझरीचे आणि दुसरे मिसरमधल्या इब्नुल उखुव्वाचे, ज्याचे निधन १३२९ साली झाले. अश्शैझरीच्या पुस्तकात खाटकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वाचताना आठशे वर्षांचे अंतर जाणवत नाही. खाटकाने दुकानाच्या दारात जनावर कापू नये, कारण रस्ता रक्ताने आणि शेणाने घाण होतो. जनावराला पाय धरून फरफटत आणू नये. बोथट सुरी वापरू नये. शेळीचे मांस मेंढीच्या मांसात मिसळून विकू नये. शेळीच्या मांसावर केशराचे ठिपके द्यावेत आणि शेवटचा तुकडा विकला जाईपर्यंत शेपटी तशीच लटकती ठेवावी, म्हणजे गिऱ्हाईक फसणार नाही. केशराचा तो ठिपका आणि आजचा शाईचा शिक्का यांत मला फार अंतर दिसत नाही. दुकान बंद करताना लाकडी ठोकळ्यावर वाटलेले मीठ पसरावे, म्हणजे रात्री कुत्री तो चाटणार नाहीत, असाही एक नियम आहे. कुत्र्यांच्या या नियमाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

जनावर जबह केलेले की आधीच मेलेले, याची शंका आली तर काय करायचे? अश्शैझरी सांगतो, पाण्यात टाका. बुडाले तर जबह केलेले, तरंगले तर मेलेले. ही कसोटी आजच्या शास्त्रात टिकणार नाही. पण शंका आली तर खाटकाच्या शपथेवर विसंबू नका, परीक्षा करा, हे तिच्यामागचे तत्त्व पक्के आहे.

मुहतसिबाला डोळ्यांनी दिसेल तेवढेच कळत होते. जनावर बाहेरून धडधाकट आणि आतून रोगट असू शकते, आणि तो रोग मांसातून माणसात येऊ शकतो, हे सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. युरोपात तेव्हा कत्तल गावाबाहेर नेण्याची मोहीम चालू होती. नेपोलियनने १८१० साली पॅरिससाठी सार्वजनिक कत्तलखाने बांधण्याचा हुकूम काढला. तो काढताना त्याच्या डोळ्यांपुढे रोगजंतू नव्हते. रस्त्यातले रक्त, दुर्गंधी आणि गर्दी होती. जंतू नंतर आले. १८५० च्या दशकात जर्मनीत क्युखेनमायस्टरने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला डुकराच्या मांसातले फोड खाऊ घातले आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात पट्टकृमी सापडला. माणसाला न विचारता माणसावर केलेला हा प्रयोग तेव्हाही काहींना खटकला होता. मोठ्या जनावराच्या मांसातल्या फोडांचे काय, हा प्रश्न उरला. १८६१ साली लॉयकार्टने वासराला पट्टकृमीची अंडी चारून त्याच्या मांसात फोड तयार होतात हे दाखवले. म्हणजे माणसाकडून जनावराकडे जाणारी वाट सापडली. जनावराकडून माणसाकडे येणारी वाट सिद्ध व्हायची होती.

ती सिद्ध झाली पंजाबात. तिथल्या लष्करी ठाण्यांत गोऱ्या शिपायांना पट्टकृमीचा फार त्रास होई. मांस लष्करी रसद खात्याच्या कत्तलखान्यातून येई, म्हणून तिथे जनावरे तपासायला सुरुवात झाली. १८६० च्या दशकाच्या अखेरीस वरच्या पंजाबातल्या ठाण्यांत कापलेल्या १३,८१८ जनावरांपैकी ७६८ जनावरांत फोड आढळले. म्हणजे शंभरात साडेपाच. हिंदुस्थानातल्या मांस तपासणीच्या अगदी आरंभीच्या आकड्यांपैकी हे आकडे आहेत. पुढे १८७० च्या सुमारास ऑलिव्हर नावाच्या इंग्रजाने असे फोड असलेले मांस दोघांना खाऊ घातले. एक मुसलमान सईस आणि एक खालच्या जातीतला हिंदू मुलगा. त्यांच्या पोटात पट्टकृमी वाढला, आणि लॉयकार्टने अर्ध्यावर आणलेले वर्तुळ पूर्ण झाले. कृमिशास्त्राच्या इतिहासात ऑलिव्हरचे नाव आहे. त्या दोघांची ओळख मात्र फक्त धर्म आणि जात एवढीच. घोड्याची मालिश करणाऱ्या त्या सईसाला आपण काय खातो आहोत हे सांगितले होते की नाही, हा प्रश्न त्या काळच्या कोणाला पडला नसावा. जगभरच्या कत्तलखान्यांत आज जनावराच्या गालाचा स्नायू चिरून पाहिला जातो, तेव्हा त्या चिरेच्या मागे हे दोघे अनामिक उभे आहेत.

गालाचाच स्नायू का? फोड साबुदाण्याएवढे असतात आणि सतत हलणाऱ्या स्नायूंत ते जास्त सापडतात. रवंथ करणारा जबडा, जीभ, हृदय, पडदा. तपासनीस जबड्याच्या बाहेरच्या स्नायूला हाडाला समांतर चिरा देतो आणि मांस वहीच्या पानांसारखे उलगडून पाहतो. एखाददुसरा फोड सापडला तर तेवढा भाग काढून बाकीचे मांस दोन-तीन आठवडे गोठवून सोडता येते, कारण गोठवण्याने फोडातला कृमी मरतो. अंगभर पसरले असतील तर सगळे जनावर बाद. यातली एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायला हवी. हा रोग जनावराला माणसाकडून लागतो. शेतात, ओढ्याकाठी उघड्यावर बसलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी गवतावर जातात आणि गवतातून जनावराच्या पोटात. खाटकाचे नुकसान होते ते मालकाच्या गावात संडास नसल्यामुळे.

मुंबईची कथा याच सुमारास सुरू होते. १८६५ च्या कायद्याने शहराला म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि पहिल्या कमिशनरचे नाव आर्थर क्रॉफर्ड. खर्चाला हात आखडता न घेणारा हा माणूस. त्याच्या उधळपट्टीवरून १८७१ साली मोठे वादळ उठले, तरुण फिरोजशहा मेहतांनी त्याची बाजू घेतली, तरी त्याला जावे लागलेच. पुढे पुण्याला १८८८ मध्ये गाजलेले क्रॉफर्ड प्रकरण ते याच गृहस्थाचे. पण त्याने शहराला मंडई दिली, जिचे नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, आणि शहरातली कत्तल उचलून वांद्र्याला नेली. वांद्रे तेव्हा मुंबईच्या हद्दीत नव्हते. खाडीपलीकडचा साष्टीचा तो भाग ठाणे जिल्ह्यात मोडत होता. रेल्वे नुकतीच तिथवर पोचली होती, तेव्हा कापलेला माल शहरात आणण्यासाठी खास आगगाडी धावू लागली. जनावरे वांद्र्यापर्यंत पायी किंवा रेल्वेने येत, आणि त्यांचे मांस पुन्हा गाडीत बसून दक्षिण मुंबईकडे जाई. चामडी मात्र जवळच्या धारावीत राहिली. तिथल्या चामड्याच्या धंद्याचे मूळ या शेजारात आहे.

खाटकांच्या दृष्टीने ही हकालपट्टी होती. घर, दुकान, मशीद आणि कत्तलीची जागा एकाच मोहल्ल्यात असलेल्या जमातीला रोज पहाटे खाडी ओलांडावी लागणार होती. पण मांसाची तपासणी या एकाच गोष्टीमुळे शक्य झाली हेही खरे आहे. दीडशे ठिकाणी चोरून-उघड कत्तल होत असेल तर दीडशे तपासनीस लागतील. सगळे एका आवारात आले की चार-दोन माणसे पुरतात. प्रश्न एवढाच होता की ही माणसे आणायची कुठून. जनावराच्या शरीराचे शास्त्र शिकवणारी शाळाच या इलाख्यात नव्हती. परळला बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज निघाले ते १८८६ साली, वांद्र्याचा कत्तलखाना सुरू झाल्यावर वीसेक वर्षांनी. सर दिनशा पेटिट यांच्या पत्नीच्या नावाने उभारलेल्या बाई साकरबाई जनावरांच्या इस्पितळाच्या आधाराने ते उभे राहिले. जनावरांचा छळ थांबवण्यासाठी निघालेल्या इस्पितळाच्या आवारातून कत्तलखान्याचे तपासनीस तयार झाले. ही गोष्ट विसंगत वाटेल, पण मुहतसिबाच्या पुस्तकात बोथट सुरीचा नियम आणि मिसळलेल्या मांसाचा नियम शेजारी शेजारीच आहेत.

वांद्र्याचा कत्तलखाना शंभर वर्षे चालला. १९७१ साली देवनार सुरू झाले आणि खाटकांनी दुसऱ्यांदा शहराच्या कडेकडे बिऱ्हाड हलवले.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. पहिली तपासणी जिवंत जनावराची. ते विसावलेले असताना, मग चालताना. ताप, धाप, नाकातला स्राव, लंगडेपणा, वेडसर नजर. लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या, धनुर्वात, पिसाळलेले जनावर इथेच अडवले जाते. पूर्वी या यादीत बुळकांड्या सर्वांत वर असे. त्याचा भारतातला शेवटचा रुग्ण १९९५ मधला, आणि २०११ साली तो रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. जे जनावर अचानक मेले आणि ज्याच्या नाका-गुदद्वारातून न गोठणारे काळे रक्त येते आहे, ते फाशी रोगाचे असू शकते. त्याला सुरी लावायचीच नाही. रक्त उघड्यावर सांडले की त्यातले जंतू हवेच्या संपर्काने बीजरूप धारण करतात आणि ती बीजे मातीत कित्येक दशके टिकतात. ते जनावर न फाडता जाळायचे किंवा चुना टाकून खोल पुरायचे. हा नियम मोडल्याने आपल्याकडे खेड्यांत कातडे सोलणाऱ्या आणि मांस वाटून घेणाऱ्या माणसांना काळपुळी होऊन जीव गेल्याच्या घटना घडत आल्या आहेत.

दुसरी तपासणी कापल्यानंतर. इथे तपासनीस मांस कमी आणि गाठी जास्त पाहतो. प्रत्येक अवयवाचे पाणी जिथे गाळले जाते त्या लसीका ग्रंथी म्हणजे त्या अवयवाचे चौकीदार. घशाच्या मागच्या, फुफ्फुसांच्या मधल्या, यकृताच्या दारातल्या, कासेच्या वरच्या. क्षयाचे पिवळट, चुन्यासारखे करकरणारे दाणे आधी इथे दिसतात. एकाच भागातल्या गाठीत क्षय असेल तर तो अवयव बाद, दोन्ही फुफ्फुसांत आणि पुढे प्लीहा, मूत्रपिंड, हाडांपर्यंत पसरला असेल तर सगळे जनावर बाद. सगळे जनावर बाद होण्याची इतर कारणे म्हणजे रक्तात विष भिनणे, सर्वांगी कावीळ, अंगभर पसरलेल्या गाठी, तापातली कत्तल, नीट रक्तस्राव न झालेले मांस. प्रत्यक्षात पूर्ण जनावर क्वचितच बाद होते. रोज बाद होतात ती फुफ्फुसे आणि यकृते.

कलेजीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो आपल्याकडचा आवडता पदार्थ. तपासनीस यकृतावर आडवी चीर देतो आणि पित्ताच्या नळ्या दाबतो. त्यातून चपटे, पानाच्या आकाराचे किडे बाहेर पडतात. हा यकृतकृमी. तो डबक्यातल्या गोगलगायीच्या शरीरात वाढतो आणि पाणथळ गवतावरून जनावराच्या पोटात जातो. भातशेतीच्या आणि तळ्यांच्या प्रदेशातल्या, दिवसभर पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीला तो होणारच. अशी कलेजी खाल्ल्याने माणसाला तो कृमी लागत नाही. तरीही ती बाद होते, कारण नळ्या जाड होऊन यकृत नासलेले असते. खाटकाला हे पटत नाही. रोग लागत नाही म्हणता, मग फेकता कशाला, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. बाद करण्याची कारणे एकाच जातीची नसतात. काही मांस खाणाऱ्याला धोका म्हणून बाद होते, काही नुसते किळसवाणे म्हणून, आणि काही तिसऱ्याच कोणासाठी.

तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे पाण्याने भरलेली फुगीर गाठ, जी फुफ्फुसात किंवा यकृतात लिंबापासून नारळाएवढी असू शकते. ती चुकून माणसाच्या पोटात गेली तरी माणसाला काही होत नाही. पण कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून, केसांतून पसरतात, आणि ती अंडी पोटात गेलेल्या माणसाच्या यकृतात तसलीच गाठ तयार होते. शस्त्रक्रियेवाचून ती बहुतेकदा निघत नाही. कुत्र्याचा हा सहभाग १८५० च्या दशकात जर्मनीत झीबोल्डने दाखवून दिला. ठोकळ्यावर मीठ पसरायला सांगणाऱ्या अश्शैझरीला यातले काहीही माहीत नव्हते. त्याच्या मनात बहुधा नजासतीचा विचार असेल. पण कुत्रे आणि खाटकाचा ठोकळा यांच्यामध्ये काहीतरी आडवे ठेवा, हे त्याने सांगून ठेवले.

आणखी एक कारण शहराने जन्माला घातलेले आहे. गाई-म्हशी खाणे चावून न खाता आधी गिळतात. गवताबरोबर खिळा, तार, सुई पोटात गेली की ती दुसऱ्या कप्प्यात अडकते. त्याच्या अगदी पुढे हृदय आहे. कप्पा आकुंचन पावतो तेव्हा तार पुढे सरकते आणि हृदयावरच्या पिशवीत घुसते. कापल्यावर हृदयाच्या जागी पूने भरलेली, जाड कवचाची पिशवी निघते. मुक्या जनावराने हे कित्येक महिने सोसलेले असते.

बाद झालेल्या मालाचे नुकसान कोणी भरायचे, हा वाद प्रत्येक देशात झाला. ग्लासगोमध्ये १८८९ साली दोन खाटकांचा खटला गाजला. रोगट भाग काढून टाकला, आता बाकीचे विकू द्या, असे खाटीक म्हणत होते. क्षय थोडासा असला तरी सगळे जनावर बाद, असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. शेरिफने अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १८९८ च्या शाही आयोगाने ही कडक भूमिका सैल केली आणि आज जी अंशतः बाद करण्याची पद्धत आहे ती रूढ होत गेली. जर्मनांनी निराळी वाट काढली. त्यांच्या गावांत फ्रायबँक नावाचे सरकारी दुकान असे. पूर्ण चांगले नाही पण उकळल्यावर धोका उरत नाही असे मांस तिथे शिजवून, त्याची प्रत जाहीर सांगून, स्वस्तात विकले जाई. गरिबांच्या रांगा लागत. १९०० च्या मांस तपासणी कायद्यानेही ही दुकाने ठेवली. गरिबांना दुय्यम मांस खाऊ घालण्याची ही पद्धत मला फारशी भावत नाही, पण नुकसान कुठेतरी वाटून घेतले पाहिजे हे त्यांना कळले होते. अमेरिकेत अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीने खळबळ उडाल्यावर १९०६ साली संघराज्याचा कायदा आला आणि तपासनिसाचा पगार सरकारने उचलला.

आपल्याकडे नुकसान सरळ खाटकाच्या डोक्यावर. जनावर बाजारात विकणारा शेतकरी पैसे घेऊन घरी गेलेला असतो, दलालाने दलाली घेतलेली असते. पास होणारच नाही असे जनावर कत्तलखान्यात न नेता कुठेतरी गल्लीत कापण्याचा मोह त्यातूनच निर्माण होतो. तपासणी जितकी कडक, तितकी चोरटी कत्तल आकर्षक, असे हे उलटे गणित आहे. केवळ दंड वाढवून ते सुटणार नाही. बाद मालाची थोडी तरी भरपाई मिळेल अशी तजवीज, विमा म्हणा किंवा जमातीचा निधी म्हणा, आपल्या संघटनांनी कधीच मनावर घेतली पाहिजे होती.

याच्याहून खोल पेच कायद्याने घातला आहे. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या कायद्यांना कुरेशी बिरादरीने आव्हान दिले, आणि २३ एप्रिल १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात निकाल दिला. गाय व वासरे यांच्या कत्तलीवरची बंदी वैध. म्हैस, वळू, बैल यांच्यावरची बंदी ती जनावरे उपयोगी आहेत तोवर वैध, निकामी झाल्यावर अवैध. खाटकाच्या पोटापाण्याचा हक्क या निकालाने शाबूत राहिला, पण निकामी या एका शब्दावर टांगलेला. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्यात हाच शब्द दाखल्याच्या रूपाने आला. जनावर शेतीच्या, ओढकामाच्या, पैदाशीच्या, दुधाच्या उपयोगाचे राहिले नाही असा दाखला असेल तरच कत्तल.

आता हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. एक सांगतो, जनावर निकामी असले पाहिजे. दुसरा सांगतो, जनावर निरोगी असले पाहिजे. बारा-पंधरा वर्षे नांगर ओढलेला, पोटात तार आणि यकृतात कृमी बाळगणारा, हाडे वर आलेला बैल पहिल्या कागदावर सहज पास होतो आणि दुसऱ्यावर नापास. तरुण, भरलेले, निर्दोष जनावर दुसऱ्यावर पास होते, पहिल्यावर नापास. दोन्ही चाळण्यांतून खाली पडणारे जनावर खाटकाने शोधायचे, आणि दोन्ही दाखले देणारा माणूस साधारणपणे पशुवैद्यकच. युरोप-अमेरिकेत मांसासाठी वाढवलेले तरुण जनावर कापतात. तिथल्या तपासणीची पुस्तके आपण जशीच्या तशी घेतली, पण आपल्या कत्तलखान्याच्या दारात उभे राहिले ते म्हातारे, थकलेले जनावर. आपल्याकडच्या मांसाला रोगट म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की म्हातारे जनावर हीच कायद्याने सोडलेली एकमेव वाट होती.

बैलांच्या बाबतीत तीही वाट पुढे बंद झाली. गुजरातच्या बंदीसंबंधीच्या मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात खटल्यात २६ ऑक्टोबर २००५ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने १९५८ ची भूमिका बाजूला सारली. बैल म्हातारा झाला तरी शेण आणि मूत्र देतो, तेव्हा तो निकामी नाहीच, असा युक्तिवाद मान्य झाला. महाराष्ट्राने १९९५ साली केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळून मार्च २०१५ मध्ये गाय, वळू आणि बैल तिन्हींच्या कत्तलीवर बंदी लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली, राज्याबाहेर कापलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. तेव्हापासून देवनारच्या मोठ्या जनावरांच्या विभागात येते ते म्हैसवर्गीय जनावर, आणि म्हशीला निकामीचा दाखला आजही लागतो.

२००१ च्या कत्तलखानाविषयक केंद्रीय नियमांनी एक आकडा घालून दिला आहे. एका पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे आणि आठ तास सलग काम. त्याच नियमांनुसार तपासणीनंतर, कत्तलीआधी जनावराला चोवीस तास विश्रांती मिळायला हवी. ही विश्रांती केवळ दयेपोटी नाही. ट्रकमध्ये दाटीवाटीने उभ्याने आलेले, उपाशी, मार खाल्लेले जनावर तसेच कापले तर रक्त पुरते वाहत नाही, मांस काळपट आणि चिकट राहते व लवकर खराब होते, आणि मांड्या-फऱ्यांवरचे काळेनिळे भाग कापून फेकावे लागतात. ते फेकलेले किलो खाटकाच्याच खिशातून जातात. मोठ्या शहरांतल्या आणि निर्यातीच्या कत्तलखान्यांत हे नियम बऱ्यापैकी पाळले जातात. तालुक्याच्या गावी नगरपालिकेचा कत्तलखाना म्हणजे बहुधा चार खांब, एक पत्र्याचे छप्पर आणि पाण्याचा एक नळ, आणि पशुवैद्यक आठवड्यातून एखादे दिवशी येतो. बाद केलेले फुफ्फुस तिथे मागच्या खड्ड्यात पडते. खड्ड्याला भिंत नसते, आणि कुत्री पहाटेपासून तिथे बसलेली असतात.